राखणीची वीट

१

एप्रिलात शाळा सकाळची झाली, की सविता दुपार तापायच्या आत घरी पोचायची. स्कूटी शेवग्याखाली लावायची, तोंडावर पाणी मारायची आणि मागच्या दाराच्या पायरीवर बसून पेलाभर ताक प्यायची. नवरा, अंगद, त्या वेळी नदीकडच्या आपल्या वीटभट्टीवर असायचा. तो घरात नसला की तिला पाय पसरून बसता यायचं.

त्या सोमवारी परसात भिंतीलगत विटांचा ढीग पडला होता. पिझ्झा भाजायची भट्टी बांधायची होती.

कल्पना मुलीची. संस्कृती पुण्याला शिकत होती. तिथल्या कुठल्याशा हॉटेलात लाकडावर चालणारी घुमटाची भट्टी तिनं पाहिली आणि बापाला मोबाईलवर दाखवली. त्यात अक्षय तृतीयेनंतर तिला बघायला संगमनेरची मंडळी येणार होती. अंगदनं मांडीवर थाप मारली. "विटा आपल्या, लाकूड आपलं! पोहे काय, कुणीबी देतं. आपण पिझ्झा देऊ. बघू दे म्हणावं संगमनेरला."

अंगद हौशी माणूस. त्याच्या हौसेला आवर नव्हता आणि रागालाही नव्हता. भट्टीवरचा मजूर असो, घरातली बायको असो, दारातलं कुत्रं असो, त्याच्या तोंडी एकच वाक्य असायचं : "थांब, कामाला लावतो तुला." उजव्या हातातली पोवळ्याची चौकोनी अंगठी तो तेव्हा अंगठ्यानं फिरवायचा. अंगठी फिरायला लागली की काय होणार, हे सविताच्या गालाला ठाऊक होतं. गावालाही ठाऊक होतं. पण गाव अशा गोष्टींना 'घरातलं' म्हणतं आणि चहा पितं.

ताक पिताना तिला आवाज आला. टिक्. मग जरा थांबून पुन्हा, टिक्.

आवाज ढिगातून येत होता. तापलेली वीट गार होताना आकसते आणि तडतडते, हे ती सातवीच्या पोरांना दरवर्षी शिकवायची. अडचण एवढीच होती, की या विटा फाल्गुनात भाजलेल्या होत्या. त्यांना गार होऊन महिना उलटला होता.

ती उठली. ढिगाच्या मधल्या एका विटेवर तिनं तळवा टेकवला. वीट गरम होती. तव्यासारखी नव्हे, ताप चढलेल्या कपाळासारखी.

"उन्हानं," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिनं वर पाहिलं. ढीग भिंतीच्या सावलीत होता आणि त्या भिंतीवर दुपारपर्यंत ऊन येतच नव्हतं.

२

बन्सी गवंड्यानं ओटा बांधला, त्यावर ओल्या वाळूचा गोल ढीग रचला आणि त्या ढिगावर विटांचा घुमट चढवायला घेतला. माती वाळली की तोंडातून वाळू उकरून काढायची, म्हणजे आत पोकळी राहते. घुमटापुढे तोंडाची कमान उभी राहिली तेव्हा अंगद भट्टीवरून एक वीट घेऊन आला. धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेली.

"कळीची वीट ही बसव. वर, मधोमध. पंजा बाहेरून दिसला पाहिजे."

विटेवर उजव्या हाताचा पंजा उमटलेला होता. करंगळी अर्धीच.

बन्सीनं हातातली थापी खाली ठेवली. "शेठ, ही राखणीची हाय."

"मग?"

"न्हाई, आपलं सांगितलं."

प्रवराकाठच्या त्या भट्टीवर अंगदच्या आज्यापासून एक रीत होती. हंगामाची पहिली वीट पाडली, की आलेल्या मजुरांपैकी एकानं ती ओली असताना तिच्यावर पंजा उमटवायचा. ती वीट भट्टीच्या पोटात ठेवायची आणि हंगाम संपला की ज्याचा पंजा त्याच्या हातात परत द्यायची. मजूर ती गावाकडं नेऊन चुलीखाली पुरायचे. अर्थ साधा होता : जितकी माणसं कामावर आली, तितकी परत जातील. मालकानं दिलेला तो शब्द होता. बांधकामात ती वीट कधी वापरत नसत.

"पप्पा, कसली एस्थेटिक दिसतेय!" व्हिडिओ कॉलवरून संस्कृती ओरडली. संपला विषय.

तेवढ्यात फाटकावर हाक आली. "शेठ! आमची ईट द्या!"

पाथर्डीकडची लंकाबाई. तिच्या नवऱ्याचा, आसारामचा, तो पंजा होता. पूर्वी तो ऊस तोडायचा. करंगळी कडबाकुट्टीत गेली म्हणून विटा पाडायला आला. फाल्गुनातल्या अमावस्येपासून तो भट्टीवर कुणाला दिसला नव्हता. अंगद म्हणायचा, पळून गेला. लंकाबाई ठाण्यात गेली, तर तिथल्या साहेबानं तिला विचारलं, "भांडण झालं होतं का तुमचं?" आणि लिहून टाकलं, पळून गेला. जिल्ह्याचं नाव बदललं, रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या. मजूर हरवला की त्याच्या बायकोला ऐकावा लागणारा प्रश्न तेवढा बदलला नाही. पाण्याची मोटर चोरीला गेली असती तर दोन पोलीस नक्की आले असते.

"तुझा नवरा दुसरीकडं संसार मांडून बसला असंल," अंगद फाटकाकडं न बघता म्हणाला.

"मांडू द्या. पर जाताना चपला घालून गेला असता का न्हाई? चपला खोपीत हायत त्याच्या. अनवानी कोन संसार मांडाया जातं, शेठ?"

बन्सीला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं. अंगदनं अंगठी एकदा फिरवली. मग तो शांतपणे फाटकापाशी गेला आणि लंकाबाईच्या शेजारची पाण्याची कळशी लाथेनं उडवली. कळशी तिच्या घोट्यावर आदळली. ती खाली बसली, पण ओरडली नाही.

"उद्या दिसलीस तर कामाला लावीन."

सविता दारात उभी होती. लंकाबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुमी तर शिकल्या-सवरल्या. तुमाला काय वाटतं?"

सविताला वाटत होतं ते तिनं सांगितलं नाही. ती आत गेली आणि उगाच नळ सुरू केला.

३

वाळू काढायच्या दिवशी बन्सी खुशीत आला आणि जरा वेळानं पांढराफटक पडला.

"मॅडम, जरा बघता का?"

तिनं मोबाईलचा उजेड आत टाकला. घुमटाच्या आतल्या बाजूला, जिथं विटा वाळूला टेकलेल्या होत्या, तिथं पंजे होते. एक-दोन नव्हे. तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंत, एकावर एक, धडपडीत उमटल्यासारखे. काही ठिकाणी बोटं घसरत खाली आली होती. प्रत्येक पंजाची करंगळी अर्धी.

"गुळगुळीत बाजूच मी आत ठिवली हुती. पोरांची आन."

"विटा पाडताना कुणीतरी थापल्या असतील," सविता म्हणाली. "ओल्या असताना."

"ओल्यापनी उमटलेला पंजा आत दबलेला दिसतो. ह्ये बघा की."

तिनं हात आत घातला आणि चाचपलं. पंजे विटेत दबलेले नव्हते. ते उठून आले होते. पलीकडून, विटेच्या आतून, कुणीतरी जोर लावावा तसे. एका तळव्यावर तिची बोटं टेकली आणि तिला स्पष्ट जाणवलं, की तो किंचित मागं सरला. जसा आपण अंधारात कुणाचा हात लागल्यावर सरकवतो.

ती हात झटकून मागं आली. ऊन डोक्यावर होतं. शेवग्यावर कावळा ओरडत होता. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. असल्या लख्ख दुपारी माणसाला काहीबाही वाटणं शक्य नाही, असं तिनं मनाला बजावलं. मातीत मीठ असेल तर वीट फुगते; ओल धरली तर पापुद्रा उठतो. दोन्ही कारणं खरी होती. त्यांतल्या कशालाच बोटं नसतात.

बन्सीनं धुराडं बसवलं आणि थापी-ओळंबा पिशवीत भरून तो निघाला. चहालाही थांबला नाही.

४

नव्या भट्टीत एकदम मोठा जाळ घालत नाहीत. आधी काटक्यांचा विस्तव करून ओल काढावी लागते. अंगदला ते काम आवडलं. संध्याकाळी भट्टीवरून आला की तो खुर्ची टाकून बसायचा आणि एकेक काडी आत सारायचा. सविता स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. विस्तव पेटायच्या आधीच टिकटिक सुरू व्हायची. अंगद आला की जोरात. तो बोलला की थांबायची, जणू कुणी कान देतंय.

एकदा तो लाकूड सरकवायला वाकला आणि झटक्यात मागं फेकला गेला. खुर्चीसकट.

"काय झालं हो?"

"पेटका आला."

त्याच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा लाल पट्टा उठला होता. तिनं खोबरेल आणलं, लावायला घेतलं आणि तिचा हात थांबला. पट्टा सलग नव्हता. चार बोटं होती आणि पलीकडून अंगठा. करंगळीची खूण अर्ध्यावर संपत होती.

अंगदलाही ते दिसत होतं. त्यानं सदऱ्याची बाही खाली ओढली.

सविताच्या डोक्यात महिनाभर जे बसून होतं ते तोंडून निघालं. "अहो, अमावस्येला भट्टीला कुणी विस्तव लावत नाही. त्या दिवशी तुम्ही लावलात. विटांचे थर अर्धेच लागले होते. मी शाळेच्या गच्चीवरून धूर पाहिला."

अंगदनं एक काडी आत सारली.

"घरी आल्यावर तुम्ही सदरा बंबात घातलात. दुसऱ्या दिवशी राखेत मला गुंड्या सापडल्या." ती स्वतःच्या आवाजाला घाबरली, तरी थांबली नाही. "आसाराम कुठं आहे?"

अंगठी फिरली. पहिला फटका गालावर बसला, दुसरा कानावर. तिसऱ्याला ती ओट्यावर आपटली आणि तिचं डोकं कमानीला टेकलं. त्यानं तिचे केस धरून तोंड भट्टीच्या तोंडाशी नेलं. आतल्या निखाऱ्यांची धग तिच्या पापण्यांना लागली.

"आवाज चढवला त्यानं. मालकावर. माझ्या भट्टीवर उभं राहून मला म्हणला, घरी जायचंय, वीट द्या." अंगद तिच्या कानात हळू बोलत होता, समजूत घालावी तसा. "कळलं कुठं आहे? का कामाला लावू?"

कळलं होतं. तो ज्या विटांना रेलून बोलत होता, त्या विटांनाही कळलं होतं. कारण टिकटिक थांबली होती. सविताच्या डोळ्यासमोर, तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर, घुमटाच्या आतले सगळे पंजे सावकाश मिटले. एकेक बोट आत वळलं. मुठी झाल्या.

५

पाहुण्यांच्या रविवारी अंगदनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, मनगटावर रुंद पट्ट्याचं घड्याळ चढवलं आणि सकाळपासून बाभळीचा जाळ लावला. संस्कृती मैत्रिणीबरोबर पार्लरला गेली होती. सविता पीठ मळत होती. गालावरची सूज पावडरखाली दडवली होती. बाई दडवते, पाहुणे बघत नाहीत. ही तर आपल्याकडची सर्वांत जुनी वाटाघाट आहे.

तिनं काय करायचं हे चार दिवस ठरवलं होतं आणि चार दिवस मोडलं होतं. ठाण्यात जावं, तर तिथला साहेब संध्याकाळी अंगदबरोबर चहा पिणारा. पुरावा काय, तर राख झालेला सदरा आणि विटेवरचे हात. आणि पोरीचं लग्न.

फाटक वाजलं. लंकाबाई होती. पायात आसारामच्या चपला. तिच्या पावलाला मोठ्या होत होत्या.

"शेठ, टेम्पो आलाय. समदी निघाली गावाकडं. माजी ईट द्या, मी जाते. मानूस द्याचं न द्याचं तुमच्या मनावर."

"पाहुणे यायच्या वेळेला?" अंगद धावतच गेला. सवितानं खिडकीतून पाहिलं, त्यानं लंकाबाईचा अंबाडा धरला आणि तिला फरफटत परसात आणलं. तिची एक चप्पल वाटेत राहिली. "वीट पाहिजे ना? घे! घे की हातानं काढून!" त्यानं तिचं कपाळ कमानीवर हाणलं. एकदा. दुसऱ्यांदा. पंजाच्या विटेवर रक्ताचा ओघळ आला आणि त्या बोटांच्या खाचांत शिरला.

सविता पिठाच्या हातांनी बाहेर धावली. "सोडा! मरेल ती!"

त्यानं लंकाबाईला बाजूला ढकललं, शर्ट झटकला, घड्याळाकडं पाहिलं. खरंच, त्यानं घड्याळ पाहिलं. मग लोखंडी दांडा घेऊन निखारे मागं सारायला वाकला, कारण पाहुणे यायचे होते आणि भट्टी तयार पाहिजे होती.

धुरात सविताला दोन हात दिसले.

घुमटाच्या दोन्ही अंगांनी ते पुढं आले. विटेच्या रंगाचे. एकाची करंगळी अर्धी. त्यांनी अंगदचा चेहरा दोन्ही गालांवर धरला. अगदी हलका. साच्यातून ओली वीट काढताना तिची कड मोडू नये म्हणून धरतात, तसा.

आणि आत ओढला.

खांद्यापर्यंत तो एका झटक्यात गेला. आतून जी किंकाळी उठली ती धुराड्यातून बाहेर पडली, तेव्हा माणसाची वाटत नव्हती. त्याचे पाय मातीत खोरत होते. सवितानं धावत जाऊन त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला, पाय ओट्याला लावला आणि मागं ओढलं. पलीकडूनही कुणीतरी ओढत होतं. घाई नव्हती त्या ओढीत. रोज हजार विटा पाडणाऱ्या माणसाची ओढ होती ती, न थकणारी. तरी अंगद किंचित मागं आला. वीतभर. आणखी थोडा आला असता.

लंकाबाई जमिनीवर बसली होती. कपाळावरचं रक्त तिनं पदरानं टिपलं.

"बाई," ती म्हणाली, "त्यो बी असाच वरडला असंल का वो?"

फाटकावर मोटारीचा हॉर्न वाजला.

सवितानं आपल्या हातांकडं पाहिलं. पिठानं पांढरे झालेले, पट्ट्यावर घट्ट आवळलेले. बोटं घसरली नव्हती. तिनं एकेक करून ती उघडली.

६

"ज्वाळेचा भपका आला असणार," फौजदार म्हणाले. "पिझ्झाचं खूळ. आपली भाकरी काय वाईट होती? तुम्ही त्यांना धरलं होतं म्हणे."

"धरलं होतं. मग सोडलं."

"म्हणजे हात सुटला."

"सुटला नाही. मी सोडला."

फौजदारांनी तिच्याकडं दयेनं पाहिलं आणि लिहिलं, हात सुटला. मग तिनं भट्टीचं सांगितलं, अमावस्येच्या विटांचं, आसारामचं. ते ऐकून त्यांनी पेनाला टोपण लावलं. "धक्का बसलाय तुम्हाला, मॅडम." ज्यांनी एका माणसाला कागदावर पळवून लावलं होतं, त्यांना दुसऱ्याला अपघातात मारायला किती वेळ लागणार? अंगदचं जे उरलं होतं त्याला अग्नी देऊन झालं. पेपरात चार ओळी आल्या : वीटभट्टीचालकाचा होरपळून मृत्यू.

दहावं झाल्यावर सवितानं बन्सीला बोलावलं. तो येईना. ती स्वतः त्याच्या घरी गेली तेव्हा आला. टेम्पोबरोबर न गेलेली लंकाबाई आज फाटकावर नव्हती. सवितानं तिला आत पायरीवर बसवलं होतं आणि दोघींच्या मधे ताकाचे पेले होते.

"कळीची वीट काढली की कमान पडंल," बन्सी म्हणाला. "लांब सरा."

कमानीचं ओझं कळीच्या विटेवर असतं. हेही सविता पोरांना शिकवायची. ती संस्कृतीचा हात धरून मागं सरली. छिन्नीचे घाव पडले, माती सुटली, वीट निघाली. बन्सी उडी मारून बाजूला झाला.

कमान पडली नाही.

मधोमध विटेएवढं भोक पडलेलं, तरी ती तशीच उभी राहिली. बारीक थरथरत होती, जड ओझं पेलणाऱ्या माणसाचे गुडघे थरथरतात तशी.

लंकाबाईनं वीट मांडीवर घेतली. ती गार होती. पंजाच्या खाचांतलं वाळलेलं रक्त तिनं नखानं काढलं आणि त्या पंजात आपला पंजा ठेवला. "दोघं आलो हुतो," ती विटेला म्हणाली, "दोघं जाऊ." मग वीट पदरात बांधून ती उठली.

जाता जाता ती कमानीपाशी थांबली आणि खाली वाकून भट्टीच्या तोंडातून आत पाहिलं. सविताही तिच्या मागून वाकली.

आतल्या अर्ध्या करंगळीच्या मुठी नाहीशा झाल्या होत्या. घुमट स्वच्छ होता. फक्त कमानीच्या आतल्या बाजूला, जिथून विटा निसटायला हव्या होत्या तिथं, खालून वर रेटलेले दोन नवे हात उमटले होते. रुंद, मांसल, पाचही बोटं पुरी. ताणानं बोटांची पेरं फुगलेली. उजव्या हाताच्या एका बोटावर चौकोनी अंगठी.

टिक्, असा आवाज आला आणि ती बोटं किंचित थरथरून पुन्हा घट्ट झाली.

लंकाबाईनं पायातल्या मोठ्या चपला नीट केल्या.

"लागला कामाला," ती म्हणाली.